आठ जणांच्या चिठ्ठ्या

अन्वरभाई गेल्याचा फोन शाहीनने केला तेव्हा मी पुण्यात, ऑफिसच्या जिन्यात उभा होतो. शाहीन ही त्यांची मुलगी. "सुनीलभाई, अब्बा गेले. सकाळी वाशिमले दवाखान्यात नेत होतो, रस्त्यातच..." एवढं म्हणाली, मागून तिला कुणीतरी हाक मारली आणि फोन बंद झाला. मी पायरीवर बसलो. आता जे लिहितो आहे ते लिहायला मला पाच आठवडे लागले. बातमी ऐकल्यावर पहिल्या क्षणी मला दुःख झालं नाही. सुटल्यासारखं वाटलं. त्या चिठ्ठ्यांबद्दल आता मला कुणी काही विचारणार नाही, हे सगळ्यांत आधी मनात आलं. रडू त्यानंतर आलं, आणि ते कशाचं होतं हे मला आजही नीट सांगता येत नाही...

मालेगाव म्हटलं की इकडे लोकांना नाशिककडचं वाटतं. आमचं मालेगाव वाशिम जिल्ह्यातलं. तिथे बसस्टँडसमोर अन्वरभाईंचं बाइंडिंग, झेरॉक्स आणि लॅमिनेशनचं दुकान. मी किन्हीराजाचा. आईवडील ऊसतोडीला जाणारे, कागदपत्रांतलं त्यांना काही कळायचं नाही, त्यामुळे बारावीची मार्कशीट घेऊन मी एकटाच त्या दुकानात गेलो होतो. म्हटलं, लॅमिनेट करून द्या. त्यांनी मार्कशीट उजेडात धरून पाहिली आणि विचारलं, "कायले?"

"खराब होऊ नये म्हणून."

"अन् उद्या कॉलेजवाला म्हणंन मांगून शिक्का मारतो, त कुठं मारंन? प्लास्टिकवर? काही गोष्टी अशाच ठेवा लागते बाबू, हात लागू द्या लागते." लॅमिनेशनचं काम हातचं घालवून त्यांनी मला एक साधी फाईल दिली. मग माझे बाकीचे कागद चाळले. उत्पन्नाचा दाखला मागच्या सालचा निघाला. प्रवेशाचा फॉर्म त्याच दिवशी भरायचा होता. त्यांनी मला तहसीलमध्ये पिटाळलं, स्वतः कॉम्प्युटरसमोर फॉर्म अर्धा भरून बसून राहिले, आणि जेवायलाही घरी गेले नाहीत. आमच्या घरात पदवीचा पहिला कागद माझा आहे. तो कागद त्या दुपारी त्या दुकानातून निघाला, असं मी मानतो. हे आधी सांगितलं, कारण पुढचं वाचताना ते वाचकांच्या लक्षात राहायला हवं. माझ्या मात्र ते लक्षात राहिलं नाही.

इंजिनीअरिंगला पुण्याला गेल्यावर होस्टेलमध्ये मला पत्त्यांचा एक परदेशी खेळ कळला. आपल्या बावन्न पानांसारखा तो नाही. हजारो वेगवेगळी पानं, प्रत्येकावर चित्र, नाव आणि त्या पानाचे नियम. ती बंद पुड्यांमध्ये विकत मिळतात, आत काय निघेल ते माहीत नसतं. खेळायची एक पद्धत अशी, की आठ जण गोल बसतात, प्रत्येक जण पंधरा पानांची एक पुडी फोडतो, एक पान स्वतःला ठेवतो आणि बाकीची डावीकडच्याला देतो. पुड्या अशा फिरत फिरत संपतात. तीन फेऱ्यांत जे हाती आलं त्यातून आपला संच लावायचा आणि मग खेळायचं. याला ड्राफ्ट म्हणतात. अन्वरभाई त्याला वाटणी म्हणत. खेळ झाला की चांगली पानं लोक घेऊन जातात आणि साधी पानं टेबलावर तशीच टाकून देतात. ती मी गोळा केली आणि सुट्टीत अन्वरभाईंना दाखवायला नेली. ते कागदाचे माणूस, त्यांना आवडतील एवढंच डोक्यात होतं. त्यांनी एक पान वाकवलं, कडेने नखाने चाचपलं आणि म्हणाले, "दोन कागद चिटकवले आहेत. मधात काळी खळ भरली. उजेडात धरलं तरी पलीकडचं दिसू नाही म्हणून. वा रे..." मग पान उलटं करून म्हणाले, "आता हे सांग, यावर लिवलं काय आहे?"

मी वाचून अर्थ सांगायचो, ते पातळ कागदावर मराठीत लिहायचे आणि ती चिठ्ठी पानासोबत प्लास्टिकच्या कव्हरात सरकवायचे. नावं मात्र त्यांची स्वतःची. एका दारावर बसलेल्या कसल्याशा राक्षसी जनावराचं नाव त्यांनी 'वेशीवरचा कुत्रा' ठेवलं. बाकीची 'आंधळी घार', 'उधळलेली म्हैस', 'झोपलेला तलाठी'. हा तलाठी मूळ चित्रात कुणीतरी दाढीवाला जादूगार होता. मी म्हटलं, असं कसं चालेल? ते म्हणाले, "तू झोप पाह्य न त्याची. तलाठीच आहे तो."

मालेगावात त्या पुड्या मिळत नव्हत्या आणि मिळाल्या असत्या तरी कुणी घेतल्या नसत्या. म्हणून अन्वरभाईंनी स्वतःची वाटणी तयार करायला घेतली. चार वर्षं लोकांनी टाकून दिलेली पानं मी आणत गेलो आणि त्यांनी त्यांतली तीनशे साठ निवडली. प्रत्येक पान एकच, दुसरं तसं नाही. बाइंडिंगच्या पुठ्ठ्याचा डबा केला, त्याला कोपऱ्यांवर कापड आणि वरून लहरी नक्षीचा अबरी कागद, जुन्या वह्यांना लावतात तसा. पुड्याही तेच बांधायचे. आणि मग सुरू झाला तो त्यांचा खरा उद्योग. कोणतं पान कोणाबरोबर ठेवायचं, किती जोरदार पानं असली की खेळ एकतर्फी होतो, पुडी कोणत्या हाताला द्यायची. दुकानात गिऱ्हाईक नसलं की ते याच विचारात असायचे. नेहमीच्या खेळात प्रत्येक पुडीतली शेवटची पानं नाइलाजाने कुणाच्या तरी गळ्यात पडतात. त्यांनी ते बदललं. शेवटची तीन पानं कुणी घ्यायची नाहीत, मधे उघडी मांडायची, आणि फेरी संपली की ज्याला पाहिजे त्याने आपलं एक पान ठेवून त्यातलं एक उचलायचं. "शेवटी राह्यते त्या पानाची चूक नसते," ते म्हणायचे, "वाटणी चुकलेली असते."

हे सगळं ते अंदाजाने करत नव्हते. प्रत्येक खेळानंतर प्रत्येकाने एक चिठ्ठी लिहायची. दर फेरीत आपण पहिली तीन पानं कोणती घेतली आणि मधे कोणती टाकली. बाइंडिंग करताना उरलेल्या कागदाच्या पट्ट्या कापून त्यांनी चिठ्ठ्यांचा गठ्ठाच करून ठेवला होता. चिठ्ठ्या वाचून ते पानं काढायचे, घालायचे. अडचण एकच होती. मालेगावात खेळायला माणसं मिळायची चार. अन्वरभाई, शाहीन, शेजारचे मेडिकलवाले आणि एक टेलरमास्तर. आठ जण असले की आपण दिलेली पुडी फिरून आपल्याकडे येते तेव्हा तिच्यात सातच पानं उरलेली असतात, आणि काय गेलं त्यावरून बाकीच्यांच्या मनात काय आहे ते कळतं. चौघांत ती मजा नाही आणि चौघांच्या चिठ्ठ्यांवरून आठ जणांची वाटणी ठरत नाही. तोवर त्यांची किडनी गेली होती. आठवड्यातून दोनदा वाशिमला मशीनवर जाऊन रक्त साफ करून घ्यावं लागे. बाहेरगावी जाणं संपलं होतं. मला पुण्यात नोकरी लागली होती, आणि ऑफिसच्या कँटीनमध्ये दर शुक्रवारी संध्याकाळी हाच खेळ खेळणारे मोजून आठ जण होते. आठवा मी.

अन्वरभाईंनी डबा माझ्या हातात दिला. "तू त तपासणीवालाच आहेस," ते म्हणाले. माझी नोकरी सॉफ्टवेअर तपासायची, चुका शोधायची. "तुह्या चिठ्ठीवर भरवसा आहे. आठ जणं बसव अन् खरं खरं लिवून आण. वाईट असंल त वाईट लिव."

त्या शुक्रवारी डबा माझ्या बॅगेत होता. मी बॅगेत हात घातला, अबरी कागद बोटांना लागला... आणि हात तसाच बाहेर काढला. खेळानंतर मी टेबलावरची पानं गोळा करायचो म्हणून निखिल नावाचा सहकारी मला नेहमी चिडवायचा, "आले आमचे भंगारवाले." मी त्याला सांगितलं होतं की पुतण्याला चित्रं आवडतात. मला पुतण्या नाही. आता डबा उघडला तर त्यांचीच टाकलेली पानं, त्यावर मराठी चिठ्ठ्या, झोपलेला तलाठी... कुणी केलं हे, असं कुणी विचारलं तर मला सांगावं लागलं असतं, की आमच्या बसस्टँडसमोरच्या झेरॉक्सवाल्याने. ते हसले असतेच असं नाही. आज वाटतं, बहुतेक हसले नसते. निखिलने तर उलटसुलट शंभर प्रश्न विचारले असते. पण मी त्या टेबलावर पाच वर्षं खर्चून पोचलो होतो, आणि त्यांच्यासारखाच दिसतो आहे असं नुकतंच वाटायला लागलं होतं. मी बॅगेची चेन लावली.

दुसऱ्या दिवशी दुपारी खोलीवर बसून मी आठ जणांच्या चिठ्ठ्या लिहिल्या. निळं, काळं आणि हिरवं अशी तीन पेनं घेतली. दोन चिठ्ठ्या डाव्या हाताने लिहिल्या. निखिलच्या चिठ्ठीत अक्षर तिरकं काढलं. ऑफिसात असे खोटे निकाल मी भरले असते तर त्याच दिवशी नोकरी गेली असती. अन्वरभाईंच्या बाबतीत तसं काही होणार नव्हतं, हे मला माहीत होतं. म्हणूनच ते जमलं.

असं मी एकदा केलं नाही. दीड वर्षात चार वेळा केलं. दरवेळी गावी जाताना डबा आणि चिठ्ठ्या द्यायच्या, येताना बदललेला डबा घ्यायचा. सगळ्यांत वाईट हे, की अन्वरभाईंचा त्या माणसांवर जीव बसला. "हा निखिल लय लोभी दिसते," चिठ्ठी वाचता वाचता म्हणायचे. "मोठं पान दिसलं का धरलंच. अन् ही प्राजक्ता हुशार आहे, मधातून बरोबर उचलते. तिले सांग, आंधळी घार अन् म्हैस संगं ठेवून पाह्य म्हणा." मी सांगतो म्हणायचो. पुढच्या वेळी प्राजक्ताच्या चिठ्ठीत घार आणि म्हैस सोबत लिहून आणायचो. ते खूश व्हायचे. शाहीनला हाक मारून दाखवायचे, "पाह्य, पुण्यात ऐकते आपलं."

शेवटची भेट मागच्या उन्हाळ्यातली. दुकानात कूलर चालू होता, ते आतल्या बाजेवर आडवे होते, हातावर सुयांच्या गाठी. चिठ्ठ्या घेतल्या, चष्मा लावला, एकेक वाचली. एका जागी थांबले. पुन्हा मागची चिठ्ठी पाहिली. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "बाबू, डब्यात वेशीवरचा कुत्रा एकच आहे ना?"

"हो, एकच. सगळी एकेकच आहेत."

"हं... मलेही एकच वाटला." आणि शाहीनला म्हणाले, "चहा सांग वं. आलं जास्त टाकाले लाव, पुण्याचा माणूस आहे."

चहा झाला, इकडचं तिकडचं बोलणं झालं. त्या वेळी डबा त्यांनी परत दिला नाही. थोडा ठेवतो म्हणाले. किन्हीराजाच्या गाडीत बसल्यावर मला एकदम उमगलं. मी एकाच फेरीत वेशीवरचा कुत्रा निखिललाही दिला होता आणि दुसऱ्या एकालाही. एकच पान दोघांच्या पहिल्या तिनांत. चुका शोधून पोट भरणाऱ्या माणसाकडून झालेली चूक, आणि ती पकडली अन्वरभाईंनी, बाजेवर पडल्या पडल्या.

त्यानंतर मी गेलो नाही. त्यांचे दोन फोन घेतले नाहीत. पावसाळ्यात त्यांचा मेसेज आला, "नवीन वाटणी केली. दोघाची. आला का खेळू." मी त्याला अंगठा पाठवला. दिवाळीला घरी गेलो तेव्हा नागपूरच्या गाडीचं थेट किन्हीराजाचं तिकीट काढलं. मालेगाव स्टँडवर गाडी दहा मिनिटं थांबली, मी खिडकीचा पडदा ओढून बसलो. पडद्याच्या फटीतून दुकानाचं शटर अर्धं वर दिसत होतं. उतरलो असतो तर भेट झाली असती.

ते गेल्यानंतर तीन आठवड्यांनी मी मालेगावला उतरलो. दुकान शाहीन चालवते आहे. कुणाचे तरी आधारचे झेरॉक्स काढत होती. मला पाहून "बसा" म्हणाली आणि गिऱ्हाईक गेल्यावर आतून डबा आणि एक वही आणली. अन्वरभाईंनी सगळ्या चिठ्ठ्या बांधून वही केली होती. पाठीला कापड, शिवण पक्की. आधी मालेगावच्या चिठ्ठ्या, मागे पुण्याच्या. माझी तीन रंगांची अक्षरं, डाव्या हाताची वाकडी अक्षरं, सगळं जपून शिवलेलं. दोन चिठ्ठ्यांवर पेन्सिलीने वेशीवरच्या कुत्र्याभोवती बारीक गोल होते. दुसरं काही लिहिलं नव्हतं.

"तुमी गेल्यावर लय दिवस चूप होते," शाहीन म्हणाली. "मंग मले म्हणे, त्याच्यापाशी तिथं माणसंच नाहीत गं. एकटा पडला पोट्टा. आपण आठ जणं मांगून राह्यलो अन् तो बिचारा एकटा बसून चिठ्ठ्या लिवून राह्यला. मंग त्यायनं दोघाची वाटणी काढली. म्हणे, तो आला का मी अन् तो."

तिथे गप्प बसलो असतो तर ती कहाणी तशीच राहिली असती. एकट्या पोराची, आणि त्याला समजून घेणाऱ्या माणसाची. चांगली कहाणी होती, आणि माझ्या सोयीची. पण अन्वरभाईंनी खरं खरं लिवून आण म्हटलं होतं. मी म्हटलं, "शाहीन, माणसं होती. आठही होती. दर शुक्रवारी."

तिने माझ्याकडे पाहिलं. "मंग काहून नाही दाखवला?"

"लाज वाटली."

"कायची? डब्याची का आमची?"

माझी लाज वेगवेगळी करून, ही डब्याची, ही तुमची, ही माझ्या गावाची, असं मांडता येत असतं तर बरं झालं असतं. एक गिऱ्हाईक आलं, तिने त्याचं काम केलं, ते गेलं. मला वाटलं आता ती म्हणेल, निघा तुमी. ती म्हणाली, "अब्बा रोज वाट पाहत होते, हे तुमाले सांगणार नव्हती. आता सांगते." आणि मग डबा उघडत, "बसा. एक वाटणी खेळा. चिठ्ठी लिवा लागंन पण."

तिने स्टूलवर पानं मांडली. दोघांची वाटणी अशी, की दोघांना आधी पाच पाच पानं, आणि मधे तीन तीन पानांचे चार पालथे ढीग. आपल्या पाळीला एक ढीग उचलून पाहायचा. हवा तर सगळा घ्यायचा. नको असेल तर जागेवर ठेवायचा, पण आपल्या हातातलं एक पान त्यावर ठेवूनच. "नाई म्हणायचं असंल त आपलं काहीतरी द्या लागते," शाहीन म्हणाली, "असं अब्बा म्हणत." मी पहिला ढीग उचलला. वरचं पान हाताला वेगळं लागलं, थोडं जाड. उलटून पाहिलं तर वेशीवरचा कुत्रा. पण छापलेला नाही. दोन कागद चिकटवलेले, कडा पात्याने साफ कापलेल्या, चित्र बॉलपेनचं, खाली अन्वरभाईंचं अक्षर. मी ते पान उजेडाकडे धरलं. पलीकडचं काही दिसत नव्हतं.

"ते मागून केलं त्यायनं," शाहीन म्हणाली. "म्हणे डब्यात आता दोन पाह्यजे. तुमच्या त्या दोन चिठ्ठ्यायसाठीच असंल."

डबा मी मागितला नाही आणि तिने दिला नाही. तो दुकानातच, काउंटरखाली आहे. कोऱ्या पट्ट्यांचा गठ्ठाही आहे, अजून दोन-अडीचशे तरी असतील. निखिलला आणि बाकीच्यांना मी हे अजून सांगितलेलं नाही. हा लेख छापून आला की आपोआप कळेल, असा एक विचार मनात आला होता. तोही बॅगेची चेन लावण्यासारखाच आहे, म्हणून या शुक्रवारी तोंडाने सांगणार आहे.

त्या दिवशी तो ढीग मी ठेवला नाही, घेतला. खेळ संपल्यावर शाहीनने एक कोरी पट्टी आणि पेन माझ्यापुढे सरकवलं. माझ्या नेहमीच्या अक्षरात, उजव्या हाताने मी वर माझं नाव घातलं आणि खाली पहिल्या पानाच्या जागी लिहिलं, वेशीवरचा कुत्रा. तिने चिठ्ठी वाचली, माझ्या हातातलं पान एकदा तपासून पाहिलं आणि चिठ्ठी वहीत ठेवली.